टाकीचा फोटो टाकला आणि आप्पा बोलेनासे झाले

पत्र थोडक्यात असं: मुलगी, वय २२, जळगाव जिल्ह्यातलं तापीकाठचं गाव (तालुका मुद्दाम लिहीत नाही). बीएस्सी झालंय, जळगावला रूम करून एमपीएससीची तयारी चालूये. गावात जलजीवनची (केंद्राच्या घरोघरी नळाच्या योजनेची) टाकी दोन वर्षांपासून उभी आहे, घरोघरी नळ बसले, पण पाणी जुन्याच विहिरीवरून आठ-नऊ दिवसांनी येतं. दिवाळीत गावी गेली तेव्हा तिने टाकीचा फोटो काढला, 'टाकीला रंग लागला, नळ कोरडेच, पैसे कोणी खाल्ले?' असं लिहून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि स्टोरीलाही ठेवला. ठेकेदार नेमका त्या पुढाऱ्याच्या जवळचा, ज्याचं काम तिचे वडील, म्हणजे आप्पा, वर्षानुवर्षं करतात. ॲडमिनने 'माझ्यावर केस होईल' म्हणून पोस्ट उडवली. वडिलांना फोन आला. ते एवढंच म्हणाले, "तुले काय करनं शे?" आणि तेव्हापासून बोलत नाहीत. काका म्हणतात पोरीचं लग्न करायचंय का निवडणूक लढवायचीय. आई म्हणते नोकरी लागेपर्यंत गप्प बस. उलट अभ्यासिकेतल्या मैत्रिणी म्हणतात आरक्षण, भाषा, युद्ध, सगळ्यावर बोल, नाही बोललीस तर तू घाबरट. ती विचारते: घरच्यांपेक्षा वेगळं मत असणं हा गुन्हा आहे का? केस झाली तर नोकरी जाईल का? आणि रोज फॉरवर्ड येणारा फॅमिली ग्रुप सोडू का?

अगं, तू तीन प्रश्न विचारलेस, पण टाकीत पाणी का नाही हा जो खरा प्रश्न तू दिवाळीत विचारला होतास तो पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदानंतर कुठे दिसतच नाही. आणि हे फक्त पत्रात नाही झालंय, तुझ्या घरात आणि गावातही तेच झालंय. आता सगळे बोलतायत ते तू बोलावं का नाही यावर, आप्पा त्यावर रुसलेत, काका त्यावर चिडलेत, मैत्रिणी त्यावर टाळ्या वाजवतायत, आणि ज्या कोणाकडे ते काम अडकलंय तो मजेत बसलाय कारण त्याला कोणी काही विचारतच नाहीये. तेव्हा तुझे प्रश्न घेऊ, पण पाण्यावर परत यायचंच आहे.

वेगळं मत असणं गुन्हा नाही, हे तुलाही माहितीये, तेवढ्यासाठी तू एवढं लांबलचक पत्र लिहिलेलं नाही. मला अडखळायला झालं ते दुसऱ्याच वाक्यापाशी, 'आप्पांची विचारसरणी जुनी आहे, माझी वेगळी आहे'. मला सांग, आप्पांची विचारसरणी नेमकी कोणती? ती तू कुठेच लिहिली नाहीस. तू लिहिलंयस ते असं, की आजीच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी त्या पुढाऱ्याने रात्री दोन वाजता फोन उचलला आणि नाशिकला बेड मिळवून दिला, सोसायटीच्या कर्जाला त्यांच्याच माणसाने सही मिळवून दिली, आणि दरवर्षी रब्बीत डीपी (शेताच्या विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की आप्पा त्याच नंबरला फोन लावतात. याला विचारसरणी म्हणायचं का? २०२२ नंतर आपल्या राज्यात पक्ष फुटले, चिन्हं गेली, कालचे वैरी एका स्टेजवर बसले, आणि गावोगावच्या आप्पांनी काय केलं, गळ्यातल्या रुमालाचा रंग बदलला आणि माणूस तोच ठेवला. कारण त्यांचं नातं पक्षाशी नव्हतंच, रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्याशी होतं. कार्यकर्ता म्हणजे विचाराने भारलेला माणूस असं आपल्याला पुस्तकातून वाटत राहतं, गावात बहुतेक वेळा तो अडल्या वेळेची सोय करून ठेवणारा बाप असतो.

आता तू म्हणशील, अँजिओप्लास्टी तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाली, राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार त्यात मिळतो, मग पुढाऱ्याने काय खिशातले दिले? बरोबर आहे तुझं. हक्काची गोष्ट उपकार म्हणून मिळते आणि मग जन्मभर फेडत बसावं लागतं, हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं राजकारण आहे आणि त्यात सगळेच पक्ष तरबेज. पण हे वाक्य आप्पांच्या तोंडावर फेकू नकोस. त्या रात्री हॉस्पिटलच्या काउंटरवर 'बेड नाही' ऐकून ते उभे होते, योजनेचा जीआर त्यांच्या हातात नव्हता आणि असता तरी रात्री दोनला तो वाचून घेणारं कोणी नव्हतं.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आलीये का बघ. पोस्ट टाकून तू सोमवारच्या एसटीने जळगावला आलीस. आप्पा मंगळवारी सकाळी त्याच पारावर, त्याच चहाच्या टपरीवर गेले. तिथे त्यांना कोणी काय ऐकवलं हे ते तुला सांगणार नाहीत. तू बोललीस त्याची किंमत आधी त्यांनी मोजली, आणि त्यांना ते दुसऱ्याच्या फोनवरून कळलं. मला वाटतं त्यांचा राग मतापेक्षा यावर जास्त आहे. म्हणून तू गप्प बसायला हवं होतं असं मी म्हणत नाहीये, आधी सांगायला हवं होतं एवढंच.

तुझ्याच पत्रातलं अजून एक वाक्य दाखवते. टीव्हीवर कापसाच्या आयातीची बातमी लागली की आप्पा टीव्हीशी भांडतात असं तू हसत लिहिलंयस. हसू नको, ते ऐक. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे आपला कापूस घरात यायच्या टायमालाच. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामाला ८११० रुपये होता, खेडा खरेदीवाल्याने दारात येऊन काय भाव दिला ते आप्पांना विचार, बिल काढून दाखवतील. म्हणजे आप्पांना मत आहे आणि चांगलं धारदार आहे, आपल्याच पुढाऱ्याच्या वरच्या लोकांविरुद्ध आहे, फक्त ते घरात टीव्हीसमोर बोलतात आणि बाहेर बोलत नाहीत. तू बाहेर बोललीस. तुम्हा दोघांत फरक असेल तर एवढाच आहे आणि तो मिटण्यासारखा आहे.

यातूनच मला तुझं 'आमची पिढी, त्यांची पिढी' हे पण पटत नाही. त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुक म्हणून गॉगल लावून कोणाचे फोटो असतात? तुझ्याच वर्गातल्या पोरांचे. आणि पाण्याच्या दिवशी पहाटे चारला मोटर चालू झाली का बघायला उठतं कोण, तुझी आई, शेजारची माय, चाळिशी-पन्नाशीच्या बाया. टाकीच्या बाबतीत त्या तुझ्या बाजूच्या आहेत आणि बॅनरवालं पोरगं नाहीये. तरुणांचं मत म्हणून एक काहीतरी असतं आणि ते मोबाइलवर दिसतं असं आपण धरून चालतो, पण आपल्याच गावचं जे पोरगं सुरतच्या उधन्याला लूमवर बारा तासांची पाळी करतंय त्याचं मत कुठे आलंय अजून, किंवा सातपुड्यातल्या पाड्यावरच्या पावरा आदिवासी मुलीचं, जिच्या घरचा वनहक्काचा दावा २००६ चा कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी फाइलीत आहे. त्यांना स्टोरी टाकायला ना वेळ आहे ना धड रेंज.

आता पोस्टकडे येऊ. तुझ्या त्या ओळीचे तीन तुकडे पाड. टाकीला रंग लागला, हे कोणालाही दिसतं. नळ कोरडे, हे तर घरोघरी माहितीये. पैसे कोणी खाल्ले, हे तुला माहिती नाही. आणि भांडण फक्त या तिसऱ्या तुकड्यावर झालं, पहिल्या दोनवर कोणाला उत्तर द्यावंच लागलं नाही. तो तुकडा नसता तर आप्पांना फोन करणाऱ्याला 'तुमच्या पोरीने बदनामी केली' म्हणता आलं नसतं, फार तर 'तुमच्या पोरीने पाणी मागितलं' म्हणावं लागलं असतं आणि ते म्हणताना त्यालाच कसंतरी वाटलं असतं.

बरं पैसे खाल्ले असतीलही, मी काही कोणाची वकिली करत नाहीये. पण जलजीवनच्या कामांचं राज्यभर काय झालंय ते माहिती असू दे. मिशन जाहीर झालं १५ ऑगस्ट २०१९ ला, २०२४ पर्यंत गावातल्या प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असं ठरलं होतं, ते झालं नाही म्हणून २०२५ च्या बजेटमध्ये मुदत २०२८ पर्यंत वाढवली. मधल्या काळात खूप ठिकाणी ठेकेदारांची बिलंच थकली, २०२५ मध्ये त्यांनी त्यासाठी आंदोलनं केली. म्हणजे तुझ्या गावात टाकी कोरडी असण्याची कारणं पाच-सात असू शकतात. नव्या विहिरीला पाणीच लागलं नसेल, पंपाला वीजजोडणी मिळाली नसेल, विहिरीपासून टाकीपर्यंतची लाइन अर्धवट असेल, सगळं झालं असेल पण टेस्टिंगच्या वादात ग्रामपंचायतीने योजना ताब्यात घेतली नसेल, बिल थांबलं म्हणून काम थांबलं असेल, आणि हो, पैसे खाल्लेही असतील. यातलं कोणतं ते कागद सांगेल, फोटो नाही सांगणार.

तर कागद कसा मिळवायचा, हे जरा नीट लिहिते कारण पाण्यापेक्षा वेगळा प्रश्न असणाऱ्या वाचकांनाही हेच लागणारे.

सगळ्यात आधी गावातली पाणीपुरवठा समिती शोध. जलजीवनच्या नियमात प्रत्येक गावाला ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती लागते आणि त्यात निम्म्या बाया असायला हव्यात, शिवाय पाणी तपासायचं किट वापरायला गावातल्या पाच बायांना ट्रेनिंग द्यायचं असतं. तुझ्या गावात कागदावर हे सगळं शंभर टक्के असणार. ग्रामसेवकाकडून यादी माग, आणि मग गंमत बघ, त्यातल्या एकदोन बायांना आपण समितीत आहोत हेच माहिती नसेल, सही मात्र असेल. कोण जाणे, तुझ्या आईचंच नाव निघेल. त्या बायांना घेऊन ग्रामसेवकाला विचारणं आणि एकट्या पोरीने ग्रुपवर विचारणं यात फार फरक पडतो, कारण समितीच्या सदस्याला 'तुले काय करनं शे' असं कोणी म्हणूच शकत नाही, तिचं ते कामच आहे.

मग ग्रामसभा. वर्षातून किमान ४ घ्याव्याच लागतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा धरून होतात, आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते जी बऱ्याच गावांत फक्त रजिस्टरमध्ये होते. कोरमला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यात जे कमी असेल ते लागतं, म्हणून मग सह्यांचं रजिस्टर घरोघरी फिरतं हे तू पाहिलं असशीलच. तू काय कर, सभेची नोटीस निघायच्या आधी चार-पाच बायांच्या सह्यांचं पत्र दे की 'नळयोजनेची सद्यस्थिती' हा विषय घ्यावा, आणि पोच घे. पोच न घेता दिलेला अर्ज न दिल्यासारखाच. सभेत विषय झाला की प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या आणि ते लिहिताना तिथेच बसा, 'नंतर लिहितो ताई' म्हणाले तर हसून म्हणायचं आम्हाला काही घाई नाही. आणि हो, तुझं मतदार यादीत नाव गावातच आहे ना ते तपास, ग्रामसभेचा सदस्य म्हणजे यादीतला मतदार. ज्यांचं नावच नाही त्यांना आता १ जानेवारीपर्यंत थांबावं लागत नाही, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाले की फॉर्म ६ आधीच भरून ठेवता येतो. मतं मांडणाऱ्या कितीतरी पोरांचं यादीत नाव नसतं, हे मला फार खटकतं.

एवढ्याने नाहीच हललं तर माहितीचा अधिकार. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. मागायचं काय, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, आजपर्यंत दिलेली बिलं आणि पूर्णत्वाचा दाखला असेल तर तो. 'भ्रष्टाचार झाला का' असा प्रश्न अर्जात लिहू नको, कागद माग. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. एमपीएससीला हेच सगळं पाठ करतेस ना, मग एकदा करून बघ, पंचायत राजच्या प्रकरणाचा अभ्यास झाला असं समज.

पण यातलं काहीही करायच्या आधी आप्पांशी बोल. परवानगी मागायला जाऊ नको, परवानगी ते देणार नाहीत आणि मग तुझे हात बांधले जातील. सांगायला जा. घरात काकांसमोर नको, शेतात जा, कापूस वेचणीच्या दिवसात ते एकटे बांधावर बसतात तेव्हा. साधारण असं बोल, की आप्पा, पैसे कोणी खाल्ले हे मी लिहायला नको होतं, मला माहिती नव्हतं, ते माझं चुकलं. पण पाण्याचं मी विचारणार आहे, आईसोबत आणि बायांसोबत विचारणार आहे, कोणाचं नाव घेणार नाही, आणि तुम्हाला ते टपरीवर कळू नये म्हणून आधी सांगतेय. माफी एका ओळीची माग, सगळ्या पोस्टची मागू नको. मग ते काही बोलले नाहीत तरी चालेल, आपल्याकडचे बाप एवढ्यात बोलत नाहीत. कदाचित विचारतील, 'अर्ज करून डीपी आली का कधी?' याला माझ्याकडे तयार उत्तर नाही आणि तुझ्याकडेही नसेल, कारण खरंच बऱ्याचदा येत नाही, फोननेच येते. होऊ शकतं की पुढच्या वेळी डीपी जळाली तर तो फोन उचलला जाणार नाही. हा तोटा खरा आहे, तो आप्पांच्या गव्हाला बसेल, आणि तू तो गृहीत धरूनच ठरव. समितीतल्या बाया पुढे असतील तर तो धोका कमी होतो म्हणून मी तो रस्ता आधी सांगितला, धोका संपतो असं म्हणत नाहीये.

आईचं 'नोकरी लागेपर्यंत गप्प बस' पण मी लगेच उडवून लावणार नाही. रूमचं भाडं आणि अभ्यासिकेची फी कापसाच्याच पैशातून येतेय आणि परीक्षा काही तुझी वाट बघत थांबणार नाही. तू परीक्षेपर्यंत हे सगळं बाजूला ठेवायचं ठरवलंस तर तू घाबरट ठरत नाहीस, समितीची यादी आईच्या हातात देऊन तू अभ्यासाला बसलीस तरी चालण्यासारखं आहे. फक्त 'नोकरी लागल्यावर बोलीन' ही समजूत मनातून काढून टाक. सरकारी नोकरी लागल्यावर वर्तणूक नियम १९७९ चे लागू होतात, त्यात राजकीय कामात भाग घेता येत नाही, आणि जुलै २०२५ मध्ये तर सोशल मीडियावर काय लिहू नये याचा वेगळा शासन निर्णय निघालाय. म्हणजे गावच्या टाकीबद्दल एवढ्या मोकळेपणाने विचारायला तुला आत्ता जेवढी मुभा आहे तेवढी नंतर नसेल. आईला हे माहिती नसणार, सांग तिला.

केसची भीती. बघ, फेसबुकवरच्या दोन ओळींसाठी पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये अटक झाली होती, त्यावरून देशभर गदारोळ झाला, आणि ज्या ६६अ कलमाखाली असल्या अटका व्हायच्या ते सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. पण बदनामीचा गुन्हा कायद्यात अजून आहेच, म्हणून तो 'पैसे खाल्ले' वाला तुकडा परत लिहायचा नाही, नाव घेऊन तर नाहीच नाही. 'नवव्या दिवशी पाणी आलं' हे तारखेसकट रोज लिहिलंस तरी ती बदनामी होत नाही, ती वस्तुस्थिती आहे. ॲडमिनभाऊंना पण सांग, सदस्याने टाकलेल्या पोस्टसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय, अर्थात दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि नोकरीचं म्हणशील तर पाणी मागितलं म्हणून निवड रद्द होत नाही. पोरं अडकतात ती दुसरीकडे, गुन्हा दाखल असतो आणि साक्षांकन नमुन्यात (निवडीनंतर स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये) तो लपवतात. मोर्चात जाणाऱ्या, रास्ता रोकोत बसणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा, काही असेल तर लिहायचं, लपवायचं नाही.

काकांवर जास्त शब्द घालवणार नाही. ज्या गावात तिशी उलटलेल्या निम्म्या पोरांना मुली मिळत नाहीयेत त्याच गावात बोलणाऱ्या मुलीचं लग्न होणार नाही अशी काळजी चालते, याचं मला नवल वाटतं. एखादं स्थळ यामुळे जाईलही, जाऊ दे. आणि 'शिकायच्या वयात असले धंदे नको' म्हणतात ना काका, तर नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्यासोबतचे चौघं गोळीबारात गेले तेव्हा शिरीषकुमार शाळकरी पोरगा होता, पंधरा वर्षांचा. आपल्याकडे शाळेच्या पोरांना त्याच्यावर भाषणं पाठ करायला लावतात आणि त्याच पोराने घरी नळाबद्दल विचारलं की खाली बस म्हणतात. पण हे काकांना ऐकवू नको, असल्या दाखल्याने कोणाचा काका बदललेला मी पाहिलेला नाही. त्यांच्या घरी पण पाणी नवव्या दिवशीच येतं, काकूशी बोल.

राहिल्या मैत्रिणी. इथे मी तुझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त वैतागलेय. प्रत्येक विषयावर आज रात्रीपर्यंत मत पाहिजे आणि ते स्टोरीत दिसलं पाहिजे हा नियम कोणी काढला? आरक्षणाचंच घे. तुमच्या अभ्यासिकेत दोन गट पडलेत, डबे वेगळे खायला लागलेत असं तू लिहिलंयस. दोन्हीकडच्या किती जणींनी फेब्रुवारी २०२४ चा मराठा आरक्षणाचा १० टक्क्यांचा कायदा किंवा २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय उघडून वाचलाय? काही पानांचा मजकूर आहे, मराठीत आहे. न वाचता कोणत्या जातीत जन्मलो त्यावरून बाजू ठरते आणि मग आप्पांना नावं ठेवायची, हे मला नाही पटत, आप्पांकडे निदान रात्री दोनच्या फोनचं कारण तरी आहे. तू सरळ म्हण, मला या विषयातलं अजून पुरेसं माहिती नाही, वाचून सांगते. आणि मग खरंच वाच, त्या गटातल्या मैत्रिणीसोबतच बसून वाच, कारण तिच्या घरी या निर्णयाने काय बदलतंय हे तुला कागदात सापडणार नाही. मत झालं तर बोल, नाही झालं तर युद्धावर तुझी स्टोरी आली नाही म्हणून जगात काही अडत नाही. पण तिथे कोणी कोणाच्या जातीवरून घाण बोललं तर मात्र 'मला माहिती नाही' म्हणायचं नाही, तिथल्या तिथे अडवायचं, त्यासाठी कुठला जीआर वाचावा लागत नाही.

फॅमिली ग्रुप सोडू नको, कायमचा म्यूट कर. ज्या मेसेजवर 'खूप वेळा फॉरवर्ड' असं येतं आणि ज्यामुळे एखाद्या समाजावर आळ येतोय किंवा आजीच्या गोळ्या बंद करायला सांगतायत, तेवढ्याच दोन प्रकारांत तोंड उघड, आणि तेही ग्रुपवर नाही, ज्याने टाकलंय त्याला वेगळा फोन करून, 'मामा, ते व्हिडिओचं खोटं निघालं बरं का, काढून टाका' असं. सगळ्यांसमोर मामाला खोटं पाडलंस तर मामा तो व्हिडिओ अजून चार ग्रुपवर टाकेल. बाकी गुड मॉर्निंगची फुलं, पुढाऱ्यांचे वाढदिवस, जाऊ दे. श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट यंदा कोणाकडे आणि कितीला पोचायचं हे शेवटी त्याच ग्रुपवर कळणार आहे.